ताटाचा तोल आणि मनाचा तोल

“जसे अन्न तसे मन” असे आपले वाडवडील म्हणत आले. या म्हणीचा अर्थ आपण बहुधा नीतीच्या अंगाने लावतो. घामाची भाकर खाणाऱ्याचे मन निर्मळ राहते, लुबाडून आणलेले अन्न मनाला डाग लावते, असा तो अर्थ. आणि तो योग्यच आहे. परंतु त्या म्हणीत आणखी एक अर्थ आहे, व तो अगदी शब्दशः खरा आहे. ताटात काय पडते आणि काय पडत नाही, यावर माणसाचा उत्साह, त्याची झोप, त्याचा राग व त्याची उदासी ही पुष्कळ अंशी अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या अर्थाविषयी चार शब्द लिहिणार आहोत.

धर्मग्रामातील घरोघरी जाणे हा धर्मगुरूच्या कर्तव्याचाच भाग होय. या घरभेटींत ज्या तक्रारी कानी पडतात, त्यांतील कित्येक एकसारख्या असतात. “सून हल्ली फार चिडते.” “म्हातारा कोणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.” “पोराचे पुस्तकात लक्षच लागत नाही.” मग कारणांचा शोध सुरू होतो. कोणी स्वभावावर बोट ठेवतो, कोणी आळसावर. कोणी दृष्ट लागली म्हणतो, तर कोणी बाहेरची बाधा समजून अंगारेधुपारे करणाऱ्याचा उंबरठा झिजवितो. आमचे म्हणणे एवढेच की, माणसाच्या स्वभावाचा निवाडा करण्यापूर्वी त्याचे ताट एकदा पाहावे. हे आम्ही केवळ आमच्या पदरचे सांगत नाही. आपल्या शेजारच्या हैदराबाद शहरात, आपल्याच ज्वारीच्या भाकरीच्या निमित्ताने, या गोष्टीचा शास्त्रशुद्ध शोध लागलेला आहे.

हैदराबादची पोषण संस्था

हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाजवळ तारनाका नावाच्या भागात राष्ट्रीय पोषण संस्था आहे. भारतातील लोकांनी काय खावे, किती खावे व न खाल्ल्यास काय होते, याचा अभ्यास करणारी ही देशातील प्रमुख संस्था. तिचा जन्म मात्र दूर निलगिरीच्या डोंगरात, कुन्नूर येथे, 1918 साली झाला. रॉबर्ट मॅककॅरिसन नावाच्या लष्करी वैद्यकसेवेतील डॉक्टरांनी तेथे एका खोलीत बेरीबेरी या रोगाचा अभ्यास आरंभिला. त्या एका खोलीतून पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. 1958 साली ती हैदराबादेस हलविण्यात आली. त्या वेळी तिचे संचालक डॉ. व्ही. एन. पटवर्धन हे होते. 1969 साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे आजचे नाव मिळाले.

कुन्नूर येथे असताना मॅककॅरिसन यांनी उंदरांवर जे प्रयोग केले, त्यांतील एक आमच्या विषयाशी फार निकटचा आहे. त्यांनी उंदरांच्या एका समूहास पंजाबातील शीख शेतकऱ्यांचा आहार दिला. त्यात सबंध गव्हाची चपाती, लोणी, दूध, मोड आलेली कडधान्ये, ताज्या भाज्या व आठवड्यातून एकदा थोडेसे मांस असे. दुसऱ्या समूहास त्या काळच्या इंग्लंडमधील गरीब कुटुंबांचा आहार दिला. त्यात पांढरा पाव, कृत्रिम लोणी, साखर घातलेला चहा, फार उकडलेल्या भाज्या, मुरंबा व डबाबंद मांस असे. पहिला समूह वजनाने वाढला, आणि विशेष हे की ते उंदीर एकमेकांशी गुण्यागोविंदाने राहिले. दुसऱ्या समूहातील उंदीर खुरटलेले राहिले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले, आपापसांत भांडू लागले. आणि सुमारे साठाव्या दिवसापासून त्यांतील बळकटांनी दुबळ्यांना मारून खाण्यास प्रारंभ केला.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरे. त्याला विवेक आहे, श्रद्धा आहे, आपल्या रागाला लगाम घालण्याची शक्ती आहे. तथापि ही शक्ती ज्या शरीराच्या आधारे काम करते, ते शरीर अन्नावरच चालते. हैदराबादेत पुढे जे आढळले, ते उंदरांपुरते नव्हते; ते माणसांविषयीच होते.

ज्वारी, आणि नुसती ज्वारी

पेलाग्रा हे रोगाचे नाव आपल्यापैकी थोड्याच लोकांनी ऐकले असेल. इटालियन भाषेत त्याचा अर्थ खरखरीत कातडी असा आहे. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांवर, चेहऱ्यावर व गळ्याभोवती कातडी काळवंडते, जाडी होते, सोलवटते. जीभ लाल होते, जुलाब लागतात. याच्या जोडीला मन बिघडते. रोगी प्रथम चिडचिडा होतो, त्याची झोप उडते, कशात रस वाटेनासा होतो, उदासी त्याला घेरते. उपचार न झाल्यास भ्रम होतो, बुद्धी नष्ट होते आणि अखेरीस मृत्यू येतो. जगभर या रोगाचे नाव मक्याशी जोडले गेले होते, कारण स्पेन, इटली व अमेरिका येथील मक्यावर जगणाऱ्या गरिबांतच तो माजलेला असे.

परंतु हैदराबादच्या आसपास मका हे मुख्य अन्न नव्हते. तेथे खेड्यांतील शेतमजूर ज्वारीवर जगत होते, आणि तरीही त्यांच्यात पेलाग्राचे रोगी आढळत होते. पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांना या गोष्टीचे नवल वाटले. मक्यात ट्रिप्टोफॅन हा प्रथिनांचा घटक फार कमी असतो, म्हणून मक्याने पेलाग्रा होतो असे मानले जाई. ज्वारीत तर तो मक्याइतका कमी नाही. मग हा रोग आला कोठून? 1960 साली या दोघांनी आपले मत प्रसिद्ध केले. त्यांच्या मते ज्वारीत ल्यूसीन नावाचा प्रथिनांचा दुसरा घटक प्रमाणाबाहेर असतो. आपले शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायासिन नावाचे जीवनसत्त्व तयार करीत असते. ल्यूसीनचा भार झाला म्हणजे त्या कामात बिघाड होतो, व रोग उद्भवतो. कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतही या मताला आधार मिळाला. पुढे अन्य शास्त्रज्ञांनी यावर काही शंका काढल्या, जीवनसत्त्व ब-6 यांचाही त्यात भाग असावा असे दिसून आले, आणि वाद चालू राहिला. परंतु एका गोष्टीविषयी वाद नव्हता: हे रोगी जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगत होते. डाळ, दूध, अंडे, मासळी वा मांस त्यांच्या ताटात क्वचितच पडत असे.

या रोग्यांच्या मनाची स्थिती कशी होती, याचीही त्या संस्थेत बारकाईने पाहणी झाली. त्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख काढण्यात आले. पुढे जिच्या संचालिका झाल्या त्याच संस्थेत डॉ. कमला कृष्णस्वामी यांनी रोग्यांच्या रक्तातील सेरोटोनिन या द्रव्याचा अभ्यास केला. हे द्रव्य मनाच्या स्वास्थ्याशी निगडित आहे, आणि शरीर ते ट्रिप्टोफॅनपासूनच बनविते. पेलाग्राच्या रोग्यास नायासिन व सकस अन्न मिळाले म्हणजे कातडी बरी होण्याच्या आधीच, अवघ्या काही दिवसांत, त्याचे मन पुष्कळदा ताळ्यावर येते. ज्याला घरच्यांनी वेडा ठरविले, त्याच्यावर ना भूत होते ना त्याचा स्वभाव वाईट होता. त्याच्या भाकरीबरोबर डाळ नव्हती, एवढेच.

हा इतिहास आपणांस परका नाही. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. तेलंगणातील शेतमजूर जी ज्वारी खात असे, तीच आमच्या मराठवाड्याच्या, सोलापूरच्या व नगरच्या चुलीवर भाजली जात असे आणि आजही भाजली जाते.

याचा अर्थ ज्वारी वाईट असा मात्र कोणी घेऊ नये. ज्वारी हे उत्तम धान्य आहे. सडलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा तिच्यात चोथा अधिक, आणि ती हळूहळू पचत असल्याने भूकही लवकर लागत नाही. त्याच हैदराबादेत राजेंद्रनगर येथे भरड धान्यांच्या संशोधनाची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे, आणि संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. दोष ज्वारीत नव्हता, एकटीने सगळे ओझे वाहण्यात होता.

पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. 1983 साली आंध्र प्रदेशात दोन रुपये किलो दराने तांदूळ मिळू लागला. ज्वारी मागे पडत गेली, पेलाग्राही दुर्मिळ होत गेला. परंतु ज्वारीच्या ढिगाऐवजी भाताचा ढीग ताटात आला म्हणजे तोल साधला, असे नव्हे. आज आपल्या देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत असे दिसून आले की, आपल्या लोकांच्या आहारातील शेकडा सुमारे 62 उष्मांक एकट्या पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांतून येतात. एक दुखणे गेले, दुसरे आले. मूळ चूक तीच राहिली.

तिफणीच्या तीन नळ्या

आपल्या अन्नात उष्मांक देणारे तीन मुख्य घटक असतात. धान्ये, कंदमुळे, गूळ, साखर यांत कर्बोदके म्हणजे पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ असतात. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासळी, मांस यांत प्रथिने असतात. तेल, तूप, शेंगदाणे, तीळ, खोबरे यांत स्निग्ध पदार्थ असतात. आमच्या शेतकरी वाचकांनी तिफण डोळ्यांपुढे आणावी. पेरताना तिची एक नळी बुजली तरी बैल चालतच राहतात, चाड्यात मूठही पडत राहते, आणि काही बिघडले असे वाटत नाही. उगवण झाल्यावर मात्र प्रत्येक तिसरी ओळ रिकामी दिसते. आहाराचेही असेच आहे. एक घटक कमी पडला तरी पोट भरते. उणीव दिसते ती काही महिन्यांनी, अंगात आणि मनात.

प्रथम कर्बोदके. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या शेकडा दोनच भाग असतो, परंतु विसावा घेत असताना शरीर जी शक्ती खर्च करते, तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. ही शक्ती त्याला मुख्यतः रक्तातील शर्करेतून मिळते. म्हणून भाकरी-भात अजिबात सोडून देण्याचे जे वेड शहरांतून खेड्यांत येत आहे, ते सर्वांनाच मानवेल असे नाही. परंतु शर्करा मिळावी ती संथपणे. नुसता गोड चहा व मैद्याची बिस्किटे घेतली की रक्तातील शर्करा झपाट्याने चढते व तशीच उतरते. मग थोड्याच वेळात थकवा, हुरहूर व चिडचिड येते, आणि पुन्हा चहा लागतो. भाकरी, डाळ व भाजी एकत्र खाल्ली म्हणजे ही चढउतार टळते.

दुसरी प्रथिने. मन प्रसन्न ठेवणारे सेरोटोनिन ट्रिप्टोफॅनपासून बनते, आणि उत्साह व एकाग्रता यांच्याशी संबंध असलेले डोपामिन टायरोसीनपासून. ट्रिप्टोफॅन शरीरात तयार होत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. धान्यांतही प्रथिने असतात, ही गोष्ट खरी. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम असतात, म्हणजे पाव किलो ज्वारीत 25 ग्रॅम. परंतु धान्यांच्या प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो, आणि तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो मेथिओनिन नावाचा घटक कमी, तो धान्यांत पुरेसा असतो. दोन्ही एका जेवणात आली म्हणजे एकीची उणीव दुसरी भरून काढते. आपल्या आजीने भाकरीबरोबर पिठले, भाताबरोबर वरण आणि खिचडीत मूग का घातले, याचे शास्त्रीय उत्तर हे आहे. धान्याचे तीन भाग व डाळीचा एक भाग हे प्रमाण हैदराबादच्या संस्थेनेही योग्य मानले आहे.

तिसरे स्निग्ध पदार्थ. मेंदूतील पाणी वगळले तर उरलेल्या भागाचा निम्म्याहून अधिक अंश स्निग्ध द्रव्यांचाच असतो. त्यांतील ओमेगा-3 नावाची द्रव्ये अन्नातूनच मिळवावी लागतात. बांगडा व तारली या स्वस्त मासळीत ती असतात. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना जवसाची चटणी त्यासाठी उपयोगी पडते, जरी मासळीतील द्रव्य व जवसातील द्रव्य अगदी एकच नव्हे. मात्र एक ग्रॅम तेल-तुपातून 9 उष्मांक मिळतात, आणि एक ग्रॅम प्रथिनांतून वा कर्बोदकांतून 4. म्हणून स्निग्ध पदार्थ थोडेच पुरतात. तळलेल्या फरसाणाच्या पुड्यांनी ही गरज भागवू नये.

तिघांपैकी एकच कमी पडला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील दक्षिण भागातील गरिबांच्या ताटात मक्याचे पीठ होते, काकवी होती, डुकराची खारवलेली चरबीही होती. म्हणजे कर्बोदके होती, स्निग्ध पदार्थ होते. चांगली प्रथिने तेवढी नव्हती. पेलाग्राने हजारो बळी घेतले. लोक त्यास संसर्गजन्य रोग समजत. 1914 साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांची त्या कामी नेमणूक झाली. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथील दोन अनाथाश्रमांत मुलांच्या जेवणात त्यांनी दूध, अंडी, मांस व शेंगांचे दाणे वाढविले, आणि रोग तेथून नाहीसा झाला. त्या रोगाचे नेमके जीवनसत्त्व 1937 साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी दाखवून दिले. म्हणजे ते नाव ठाऊक होण्याच्या वीस वर्षे आधीच दुधाच्या पेल्याने व उसळीने आपले काम केले होते.

घरातील तीन ताटे

आता आपण आपल्याच घरात डोकावू. तीन व्यक्तींच्या ताटांकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो.

पहिले ताट घरातील सुनेचे वा आईचे. ती सर्वांना वाढते आणि शेवटी जेवते. तोवर वरण संपलेले असते, मासळीचा तुकडा मुलांना गेलेला असतो, आणि तिच्या वाट्यास भाकरी, ठेचा व भांड्याच्या तळाशी उरलेला रस्सा येतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षे वयाच्या शेकडा 57 भारतीय स्त्रियांच्या रक्तात लोहयुक्त द्रव्य कमी आढळले. अशा स्त्रीला धाप लागते, डोके दुखते, लहानसहान गोष्टींवरून रडू येते. तिला चिडकी म्हणणे सोपे आहे. त्याहून न्यायाचे हे की, भांड्यातील डाळ आधी सारख्या वाट्यांनी मांडावी आणि मग वाढावी. पुरुषांनी हे काम केले तर ते अधिकच शोभेल.

दुसरे ताट वृद्धाचे. दात गेलेले, चव गेलेली, सोबतीला कोणी नाही. तो चहात पाव बुडवून दिवस काढतो. म्हाताऱ्यास काय लागते, असे घरचे म्हणतात. वास्तविक उतारवयात स्नायू झिजतात आणि प्रथिनांची गरज उलट अधिक भासते. मऊ मुगाची खिचडी, पातळ पिठले, ताक, उकडलेले अंडे, कुळथाचे कढण ही त्याच्या तोंडाला मानवणारी व बाजारात स्वस्तात मिळणारी अन्ने होत. आणि त्याने एकट्याने न जेवता चौघांत जेवावे. आग्रह करणारे कोणी असले की चार घास अधिक जातात.

तिसरे ताट पिणाऱ्याचे. दारूच्या प्रत्येक ग्रॅममागे 7 उष्मांक मिळतात, म्हणून पोट भरल्यासारखे वाटते व जेवणावरची वासना उडते. परंतु त्या उष्मांकांबरोबर ना प्रथिने येतात ना जीवनसत्त्वे. गरिबीमुळे होणारा पेलाग्रा दुर्मिळ झाला असला, तरी अति मद्यपान करणाऱ्यांत तो आजही आढळतो. त्याचा थरकाप, त्याचा संशय, त्याची रात्रीची बडबड यांत दारूचा भाग आहेच. उपासमारीचाही भाग असतो. त्याच्या पत्नीने त्याला जेवू घालणे म्हणजे व्यसनाला पाठिंबा देणे नव्हे. व्यसन सोडविण्याच्या कामी डॉक्टर लागतात, आणि सकस अन्न हा त्या उपचाराचाच भाग असतो.

येथे उपवासाविषयी एक शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. पवित्र सभेने बंधनकारक उपवास राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोनच दिवशी सांगितला आहे, आणि तोही 18 वर्षे पूर्ण झालेल्यांना साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंत. आजारी माणसाने वा गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातेने उपाशी राहावे, असे ती मागत नाही. अशक्त स्त्रीने सबंध प्रायश्चित्तकाळ निम्म्या पोटी काढला व त्यामुळे घरात रोज कुरबूर झाली, तर त्यात भक्ती किती वाढली, याचा विचार ज्याने त्याने करावा.

किती व कसे

हैदराबादच्या संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला 2,000 उष्मांक लागणाऱ्या व्यक्तीचे ताट त्यात येणेप्रमाणे दिले आहे: धान्ये 250 ग्रॅम, डाळी, कडधान्ये किंवा त्यांच्याऐवजी अंडी, मासळी, मांस 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, त्यांत पालेभाजी असावीच, फळे 100 ग्रॅम, शेंगदाणे, तीळ यांसारख्या गोष्टी 35 ग्रॅम, दूध वा दही 300 मिलिलिटर, तेल-तूप 27 ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चहाचे चमचे. ही वजने कच्च्या पदार्थांची आहेत. धान्यांतून एकंदर उष्मांकांच्या शेकडा 45 हून अधिक मिळू नयेत, असे संस्थेचे सांगणे आहे.

प्रथिनांचा हिशेब आपणच करून पाहू. निरोगी प्रौढास शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. 60 किलो वजनाच्या माणसास म्हणजे 50 ग्रॅम. वरील ताटात धान्य ज्वारीचे धरले तर त्यातून 25, डाळीतून सुमारे 19, दुधातून 9 आणि शेंगदाण्यांतून 8 ग्रॅम मिळतात. बेरीज 61 होते. म्हणजे महागडे प्रथिनांचे चूर्ण विकत आणण्याचे सामान्य माणसास कारण नाही. स्नायू वाढविण्यासाठी अशी चूर्णे घेऊ नयेत, असेच त्या तत्त्वांत सांगितले आहे.

सर्वांस रोज 300 मिलिलिटर दूध परवडेल असे नाही, हे आम्ही जाणतो. ज्यांस ते परवडत नाही त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात. मटकी, हरभरा, चवळी, कुळीथ यांपैकी एकाची उसळ रोज एकदा तरी असावी. शाळेतून आलेल्या मुलास बिस्किटांऐवजी फुटाणे-शेंगदाणे व गुळाचा लहान खडा द्यावा. दारात शेवगा असेल तर त्याच्या पाल्याची भाजी करावी. किनाऱ्याकडील घरांनी पावसाळ्यासाठी सुकट व बोंबील साठवावेत, मात्र त्यांतील मीठ धुऊन काढावे. कोंबड्या पाळणाऱ्यांनी सगळीच अंडी बाजारात नेऊ नयेत. काही घरातील मुलांना व आईला ठेवावीत. आणि भात वा भाकरी एक घास कमी करून तेवढी जागा डाळीस द्यावी.

अन्नाची मर्यादा

अन्नाने सर्व दुःखे मिटतात, असे आम्ही म्हणत नाही. 2017 साली ऑस्ट्रेलियातील प्राध्यापिका फेलिस जॅका व त्यांच्या सहकाऱ्यांनी उदासीनतेचा विकार जडलेल्या 67 व्यक्तींवर केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्यांना बारा आठवडे भाज्या, कडधान्ये, मासळी, ऑलिव्हचे तेल व सबंध धान्ये असा आहार घेण्यास साहाय्य केले. निम्म्यांना केवळ बोलण्याबसण्यासाठी सोबत दिली. पहिल्या गटातील सुमारे एकतृतीयांश लोकांचा विकार ओसरला, दुसऱ्या गटातील शेकडा आठांचा. ही संख्या लहान आहे, आणि त्यांतील अनेकांचे इतर उपचारही चालू होते. तरीही त्यातून दोन गोष्टी कळतात. आहाराने खरोखर गुण येतो. आणि आहार घेतलेल्यांपैकी दोनतृतीयांश लोकांना केवळ तेवढ्याने पूर्ण आराम पडला नाही.

म्हणून ज्याची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकते, ज्याची झोप व भूक हरपते, किंवा ज्याच्या तोंडी जीव नकोसा झाल्याची भाषा येते, त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते. अशा विकारात लाजण्यासारखे काही नाही.

जुन्या करारातील एलिया संदेष्ट्याची कथा आपण ऐकली आहे. राणीच्या भयाने पळालेला तो थोर पुरुष रानात एका झुडपाखाली बसला व देवापाशी मरण मागू लागला. देवाने त्यावर त्याला दोष दिला नाही, उपदेशही केला नाही. प्रथम त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी दिले. आणि तो पुन्हा निजल्यावर दुसऱ्यांदा उठवून दिले. तेवढ्या बळावर तो होरेब पर्वतापर्यंत चालत गेला. त्याच्याशी जे बोलायचे होते ते देव तेथे बोलला, आधी नव्हे.

आपल्या घरातही हाच क्रम पाळावा, अशी आमची सर्व कुटुंबप्रमुखांस विनंती आहे. कोणी खिन्न दिसले, कोणी वारंवार चिडू लागले, तर बोल लावण्यापूर्वी त्याच्याजवळ बसावे, तो दिवसभरात काय खातो ते विचारावे, आणि त्याच्या ताटात डाळीची एक वाटी अधिक वाढावी. सांगायचे ते मग सांगावे.